पोटाचं दुखणं रेंगाळलं तर डॉक्टरकडे कधी जायचं आणि जाऊन काय सांगायचं

मिरजेत घर असलं की जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पार अथणीपासूनचे पाहुणे दवाखान्याच्या निमित्ताने मुक्कामाला येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉनलेस डॉक्टरांनी इथे दवाखाना काढला, तेव्हापासून हे गाव पेशंटचंच. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या किती जणांबरोबर मी बाकड्यावर बसले असेन, त्याला गणती नाही. बहुतेक सगळे उशिरा आलेले असतात. कारण मध्ये कुणीतरी शहाण्याने सांगितलेलं असतं, ‘पित्ताची प्रकृती आहे, ओवा चावून खा, रात्री थंड दूध घे, उपाशीपोटी एक गोळी टाक.’

किती दिवस वाट बघायची

जत्रेचं मटण बाधलं, लग्नात जेवण जड झालं, तर दोन-तीन दिवस बघा. त्याला डॉक्टर लागत नाही. पण जळजळ, मळमळ, पोट फुगणं किंवा शौचाची सवय बदलणं ३ आठवड्यांच्या पुढे चाललं, तर जा. जुलाबांना २ आठवडे पुष्कळ झाले. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी.

आणखी एक खूण लोक धरतच नाहीत. गोळी घेतली की बरं आणि सोडली की परत तेच. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या आम्ल कमी करतात, ते का त्रास देतंय हे सांगत नाहीत. आत अल्सर असला तरी काही दिवस बरं वाटतं. स्वतःच्या मनाने घेतलेली गोळी २ आठवड्यांच्या पुढे लागत असेल, तर मेडिकलवाल्याकडे पुढची पट्टी मागू नका, डॉक्टरकडे जा.

या खुणा दिसल्या तर तीन आठवडेही थांबायचं नाही

काही न करता वजन उतरतंय: ६० किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत ३ किलो गेलं तरी ते मोजण्यासारखं आहे. घास अडकतोय. उलट्या थांबत नाहीत. दुखणं किंवा जुलाब झोपेतून उठवतात. डोळे पिवळे दिसतात. संध्याकाळी कणकण येते. आतड्याचाही टीबी असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला आहे.

शौचावाटे रक्त जात असेल, तर ‘मूळव्याधच असणार’ हा निकाल घरी लावू नका. बहुतेकदा मूळव्याध निघते, हे खरं. पण गुदाशयाचा कॅन्सरही असाच रक्त दाखवतो, आणि बोट घालून तपासल्याशिवाय किंवा दुर्बिणीने बघितल्याशिवाय फरक कळत नाही. एसटी स्टँडबाहेर बिनऑपरेशनचे बोर्ड लावून बसलेल्यांकडे तर अजिबात जाऊ नका.

रक्ताची उलटी, काळी शौच होऊन चक्कर, पोट कडक होऊन हात लावू न देणं, पोट फुगून उलट्या आणि शौच-वारा दोन्ही बंद: अशा वेळी १०८ ला फोन. छातीत जळजळ आणि सोबत घाम, दम, हात किंवा जबडा दुखणं असेल तरीही १०८. ‘गॅस वर चढलाय’ म्हणत सोडा पाजत बसण्यात हार्ट अटॅकची मोलाची वेळ जाते. मधुमेह असेल तर कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, म्हणून जास्तच सावध राहा.

कुणाकडे जायचं

आधी आपला नेहमीचा डॉक्टर किंवा आरोग्य केंद्र. पोटविकारतज्ज्ञाकडे ते पाठवतील.

केबिनमध्ये काय सांगायचं

सगळी गाडी इथे अडते. मलाही हे जमायला वेळ लागला. आत पाच मिनिटं मिळतात आणि त्यात आपला माणूस सांगतो, ‘पित्त हाय.’ संपलं. एवढ्यावर डॉक्टर पित्ताचीच गोळी लिहिणार.

आटपाडीकडच्या आमच्या एका चुलत सासूबाई असंच म्हणून उठल्या. बाहेर बाकावर बसल्यावर मला हळूच म्हणतात, “परसाकडं काळं हुतंय गं, पर त्या बाप्यापुढं कसं सांगू?” तशाच त्यांना परत आत नेलं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढली, आत पांढरंफटक, म्हणजे अंगातलं रक्त कमी झालेलं. मग बटवा उघडायला लावला: मिश्रीची डबी, आणि तिच्याखाली गुडघ्याच्या गोळीचे कात्रीने कापलेले तुकडे, नाव कापलं गेलेलं. जेवण असो नसो, रोज दोन. जठरात अल्सर निघाला, आणि तो त्या गोळ्यांनीच झालेला. सासूबाई मात्र म्हणत होत्या, “त्या गुडघ्याच्या हायत, पोटाच्या न्हाईत.”

म्हणून जायच्या आधी एक कागद करा. त्रास कधीपासून, जेवणाआधी की नंतर, रात्री होतो का. शौच दिवसातून किती वेळा, पातळ की घट्ट, रंग कसा, रक्त आहे का. डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर तसंच लिहा, ते पोटात झिरपलेलं रक्त असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर तेही लिहा. लाज वाटत असेल तर बोलू नका, कागद पुढे सरकवा.

आणि सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे चूर्ण, काढा, कुणी दिलेली पुडी, सांधेदुखीच्या गोळ्या, सगळंच. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, कॅल्शियमने बद्धकोष्ठ होतं. तंबाखू, मिश्री, दारू लपवायची नाही.

सोबत गेलेल्यांना माझं एकच सांगणं आहे: तोंड बंद ठेवा. मुलगा सांगतो ‘तिखट खाते’, सून सांगते ‘वेळेवर जेवत नाहीत’, आणि ज्याचं पोट दुखतंय तो गप्प. आधी पेशंटला बोलू द्या, मग राहिलेलं आपण जोडा. बाईमाणूस संकोचत असेल तर पुरुषांनी बाहेर थांबावं.

तपासण्या

रक्त, शौच, सोनोग्राफी सोपं आहे. पण ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ म्हणून पेढे वाटू नका. तिच्यात जठरातला अल्सर सहसा दिसत नाही. त्यासाठी दुर्बीण लागते. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, तपासणी काही मिनिटांत होते. हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी सांगितली तर पित्ताची गोळी किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या; साधारण २ आठवडे थांबवतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. याच जंतूने अल्सर होतो हे शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तरी आपल्याकडे अजून सगळा दोष मिरचीलाच.

नंतर

जंतूसाठीचा कोर्स १४ दिवसांचा दिला असेल तर पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. फेरतपासणीची तारीख पाळा. सहा महिन्यांनी पुन्हा त्रास झाला तर जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका, आणि ‘मलाही तसंच होतंय’ म्हणणाऱ्या शेजारणीला ती देऊ तर मुळीच नका.