पॅलिएटिव्ह केअरमध्ये नवीन येताय? मग एम्पथी आणि कम्पॅशनचं हे आधी वाचा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करणारी किंवा नर्सिंग संपवून पॅलिएटिव्हमध्ये, म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाचा त्रास कमी करायच्या कामात, यायचा विचार करणारी मुलंमुली मेसेज करतात, त्यात एक प्रश्न ठरलेला असतो, मी फार हळवी आहे, मला हे काम झेपेल का? आणि दुसऱ्या टोकाचेही असतात, मला समोरच्याचं दुःख लगेच जाणवतं म्हणून हे काम माझ्यासाठीच आहे म्हणणारे. मला दोघांचीही फार काळजी वाटत नाही. दुःख बघून आत काहीतरी हलणं ही एम्पथी, ती बऱ्याच जणांकडे कमीजास्त असतेच. पगार मिळतो तो त्याच्या पुढच्या गोष्टीचा, म्हणजे आपल्या आत हललं ते हललं, आता या माणसाला काय हवंय याकडे लक्ष वळवायचं आणि ते करायचं, हे कम्पॅशन, म्हणजे करुणा. आणि हे शिकता येतं म्हणून तर लिहितेय.

कॉलेजात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स सगळ्यांना असतो. समोरच्याचं जग जणू आपलंच आहे असं अनुभवायचं, पण ते 'जणू' सुटू द्यायचं नाही असं त्याने 1957 सालीच लिहून ठेवलंय. पेपरात पहिला अर्धा भाग सगळे लिहितात, दुसरा फील्डवर गेल्यावर आठवतो, तोही आठवला तर.

एक होमव्हिजिट सांगते. काकांना गालाचा कॅन्सर, वर्षानुवर्षं तंबाखूचा बार भरलेला, गाठ फुटून गालाला बाहेरून जखम झालेली आणि तिला भयंकर वास. त्यांची खाट पडवीत टाकलेली, घरातलं कुणी मुद्दाम वाईट वागत नव्हतं पण आत कुणाला जेवण जात नव्हतं. आमच्याबरोबर फील्डवर्कला आलेली एक विद्यार्थिनी होती, तिने काकांकडे बघितलं आणि तिला रडू आवरेना. मग काकू आतून पाणी घेऊन आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको गं बाई, आम्हाला आता सवय झालीय." सून चहा टाकायला धावली, शेजारीण डोकावली, आणि दहा-पंधरा मिनिटं सगळं घर त्या मुलीभोवती, काका खाटेवर तसेच. तिचं रडू शंभर टक्के खरं होतं, त्यात खोट काढायची माझी बिलकुल इच्छा नाही, पण व्हिजिट काकांची होती ना.

तेवढ्या वेळात आमची सिस्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि तिने विचारलं, "काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" त्यांना नीट बोलता येत नव्हतं, त्यांनी वहीत लिहिलं, वास. आम्ही धरून चाललो होतो की दुखणं लिहितील. मग तिने सुनेला शेजारी बसवून दाखवलं, पाणी उकळून गार करायचं, मीठ घालून त्याने जखम धुवायची, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची अगदी बारीक पूड करून जखमेवर टाकायची आणि वरचं ड्रेसिंग रोज बदलायचं (हवेशिवाय वाढणारे जंतू असतात, वास त्यांचा, ही पूड त्यांना मारते, पण डोस वगैरे टीमच्या डॉक्टरला विचारूनच). दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी, घड्याळ लावून, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध न विसरता, नाहीतर शौचाला कडक होऊन माणूस मॉर्फिनच नको म्हणतो. पुढच्या एका व्हिजिटला खाट आतल्या खोलीत होती आणि नातू काकांच्या पायाशी बसून कार्टून बघत होता. सिस्टर काही दगड नाहीये हां, पहिल्या दिवशी गाडीत बसल्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती, मग म्हणाली, आज त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही, टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी यावर रीतसर काम केलंय. मॅथ्यू रिकार्ड म्हणून फ्रेंच बौद्ध भिक्खू आहेत, आधी मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी केलेले, त्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं की करुणा बाजूला ठेवा, फक्त दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवा. त्यांनी रोमानियाच्या अनाथाश्रमातली मुलं डोळ्यांपुढे आणली आणि काही वेळाने ते पार थकून गेले, करुणेचं ध्यान सुरू केल्यावर मात्र बरं वाटायला लागलं. पुढे साध्या लोकांनाही आधी एम्पथीचं आणि मग कम्पॅशनचं ट्रेनिंग देऊन दुःखाचे व्हिडिओ दाखवले, एम्पथीनंतर त्रास वाढला, कम्पॅशननंतर तो खाली आला आणि प्रेमाच्या, आपुलकीच्या भावना वाढल्या, मेंदूतही वेगळे भाग जागे झालेले दिसले. म्हणून त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्यांचं दुःख झेलून येणारा थकवा, ज्याला सगळे कम्पॅशन फटीग म्हणतात, त्यात कम्पॅशन थकतच नाही, थकवते ती एम्पथीतून येणारी घालमेल. मला हे पटतं.

आता प्रॅक्टिकल काय करायचं, तर फार काही नाही. घरात शिरताना चपला काढता तेव्हा एक श्वास घ्या आणि मनात म्हणा, यांना आज थोडं बरं वाटू दे. ऐकायला बावळट वाटेल पण लक्ष स्वतःवरून हलतं. रडू आलं तर येऊ दे, फक्त तुम्हाला गप्प करायची ड्यूटी पेशंटच्या घरच्यांवर पडू देऊ नका. "मी समजू शकते" हे वाक्य शक्यतो टाळाच, त्यापेक्षा "रात्री कोण उठतं त्यांच्यासाठी?" विचारा, अख्खं घर बोलायला लागतं. पोरगा दाराबाहेर गाठून "बाबांना आजाराचं नाव सांगू नका हां" म्हणाला की त्याच्या भीतीने आपण लगेच विरघळतो आणि हो म्हणून टाकतो, तसं वचन देऊ नका. आधी त्याला विचारा की सांगितलं तर काय होईल असं वाटतं, आणि मग बाबांना विचारा की त्यांना किती जाणून घ्यायचंय, बऱ्याच वेळा बाबांना आधीच सगळं माहीत असतं आणि तेच पोरासाठी गप्प बसलेले असतात. आणि रेकॉर्डिंग, म्हणजे व्हिजिटचा अहवाल, लिहिताना स्वतःला काय वाटलं यावर दोन पानं आणि पेशंट काय म्हणाला यावर दोन ओळी असं झालं असेल तर आयसीला, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या वैयक्तिक चर्चेला, तेच काढून बोला.

एक मात्र कान उघडे ठेवून ऐका, करुणेचं ट्रेनिंग हा जास्तीच्या लोडवरचा इलाज नाहीये. माणसं कमी, व्हिजिटा भरमसाठ, आणि स्टाफ थकला की शनिवारी माइंडफुलनेसचं सेशन ठेवायचं, हे मी बघितलंय आणि मला त्याचा राग येतो. म्हणून इंटरव्ह्यूला तुम्हीही विचारा, दिवसाला किती घरं असतात, नर्स सोबत असते की एकटीने जायचं, पेशंट गेल्यावर टीम एकत्र बसते का, आणि त्याच दिवशी पुढच्या घरी जावं लागतं का. शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर पगार कितीही चांगला असो, दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.