जुन्या पिकअपचं इंजिन मिसिंग करतंय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या पिकअपचं इंजिन मिसिंग करू लागलं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटेनासं झालं, की आधी स्पार्क प्लगचा सेट बदलला जातो. मग प्लगच्या वायरी, मग डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप, मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल. एवढं करूनही थरथर जात नाही, कारण दोष चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये असतो. काहीही विकत आणण्याआधी मिसिंग कधी होतं आणि कोणत्या सिलिंडरमध्ये होतं, हे ठरवा.

‘कधी’ या प्रश्नाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. फक्त आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथर आणि रेस केली की इंजिन साफ, असं असेल तर आधी बाहेरून शिरणारी हवा शोधा. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यामुळे लहानशी गळतीही मिश्रण पातळ करते, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते. रेस वाढली की तेवढ्या हवेने फरक पडत नाही. चढावर किंवा माल भरल्यावर मिसिंग होत असेल, तर स्पार्क कमजोर आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. वायरीला बारीक तडा असेल तर करंट तिथूनच इंजिनच्या धातूच्या ब्लॉकला जातो. अंधारात चालू इंजिनच्या वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला की ही गळती निळसर ठिणग्यांनी दिसते. त्या वेळी हात लांब ठेवा.

सिलिंडर शोधताना चालू इंजिनवर हाताने वायर उपटू नका. झटका जोरदार बसतोच, शिवाय वाट न मिळालेलं व्होल्टेज कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल जाळू शकतं. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून अर्थ केलेल्या (इंजिनच्या धातूला जोडलेल्या) स्पार्क टेस्टरला लावा आणि पुन्हा चालू करा. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. सायलेन्सरच्या पाइपात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर प्रत्येक चाचणी काही सेकंदांत उरका, कारण न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो. ओबीडी-2 (गाडीची स्वतःचे दोष कोडने सांगणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पी0302 हा कोड दोन नंबरचा सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही.

काढलेले प्लग एकाच डब्यात टाकले की पुरावाच गेला. सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे बहुधा स्पार्क नाही. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील पाहा. इतरांपेक्षा एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर हेड गॅस्केटमधून कूलंट आत जात असण्याची शंका घ्या.

वायरी बदलताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) बरोबर असूनही घोटाळा होतो. शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही-8चा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असा आहे. 5 आणि 7 नंबरचे सिलिंडर शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी चिकटून समांतर नेल्या तर 5च्या ठिणगीने 7 वेळेआधी पेटू शकतो. त्यांच्यात अंतर ठेवा किंवा त्या एकमेकींना ओलांडून न्या.

स्पार्क आणि पेट्रोल ठीक असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) गेजने मोजल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडू नका. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके मिळेपर्यंत स्टार्टर फिरवा. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांपेक्षा खाली नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर गॅस्केट त्या दोघांमध्ये फुटलंय. व्हॉल्व्हवर शंका असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, तपासा. गॅप फार कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि हा दोष ॲडजस्टमेंटनेही जाऊ शकतो.