रशियन मऊ व्यंजनं: जीभ कुठे चुकते आणि काय करायचं

रशियन शिकणाऱ्या, विशेषतः तिकडे मेडिकलला निघालेल्या आपल्या मराठी पोरापोरींच्या वह्या बघा, आई म्हणजे 'मात्य' असं लिहिलेलं हमखास सापडतं. घोळ तिथूनच सुरू होतो. त्या शब्दात य नाहीच आहे, शेवटचा त मऊ आहे, आणि एकदा का हाताला य लिहायची सवय लागली की जीभ पण तेच करते. म्हणून य लिहूच नका, मी मऊ व्यंजनापुढे नुसती खूण करतो: मात'. बिनखुणेचा मात म्हणजे बुद्धिबळातली मात, आपली न् त्यांची दोन्ही फारसीतूनच आलेली. तसंच ब्रात म्हणजे भाऊ आणि ब्रात' म्हणजे घेणं, सगळा फरक त्या एका त चा.

मऊ व्यंजनात जिभेचा मधला भाग ई म्हणताना चढतो तसा टाळूकडे चढलेला असतो आणि टोक किंवा ओठ आपलं काम त्याच क्षणी करतात, आधी व्यंजन मग य असं नाही. य खरंच आला तर शब्दच बदलतो, पल'ओत म्हणजे उड्डाण आणि पल'योत म्हणजे ओतेल.

हे जमत नसेल तर ई म्हणा, आवाज बंद करा, जीभ अजिबात हलवू नका आणि तोंडाने श्वास आत ओढा. जिथे गार लागतं ना, ती जागा. आता जीभ तशीच वर धरून ओठ मिटा आणि प' म्हणा. पाच म्हणजे प'आत', तिथे ओठ उघडायच्या आधीच जीभ वर पोचलेली पाहिजे, बहुतेकांची नंतर पोचते आणि 'प्यात' होतं.

त' चा च करू नका. टोक खाली, खालच्या दातांकडे, आणि टोकामागचा पसरट भाग वर टेकवायचा, सुटताना थोडी स सारखी सळसळ येते, ती येऊ द्या. चार (आकडा) आणि चारा (गुरांचा) यातले दोन च आपला कान लहानपणापासून वेगळे ऐकतो, त्यामुळे हे आपल्याला अवघड जायला नको खरं तर. 'असणं' या एकाच शब्दाच्या शेवटी रशियनमध्ये त' आहे, बेलारूसीत ती सळसळ वाढून त्स' झालाय आणि पोलिशमध्ये जवळजवळ आपला चार मधला च.

ल ची गडबड उलटी आहे, कठीण (म्हणजे मऊ नसलेल्या) ल साठी लोक ळ म्हणतात. ळ ला जीभ मागे वळते, इथे टोक वरच्या दातांनाच टेकतं आणि जिभेचा मागचा भाग उचलला जातो. उगल म्हणजे कोपरा, उगल' म्हणजे कोळसा, आणि आपला ल या दोघांच्या मधला असल्यामुळे दोन्ही शब्द सारखेच वाटतात.

र' (त्सार' म्हणजे झार) घोळवू नका, एकच हलका ठोका. आणि सगळंच मऊ करत सुटू नका, श, त्स आणि श चा घोष जोडीदार (तोच श, पण घशातून आवाज काढत म्हटलेला) कायम कठीण, उंदराच्या शब्दात शेवटी मऊ चिन्ह (ь, आधीचं व्यंजन मऊ म्हणा असं सांगणारं अक्षर) लिहितात तरी श कठीणच.

मोबाईलवर मात आणि मात' रेकॉर्ड करून फक्त आ ऐका. त' च्या आधीचा आ शेवटी किंचित ई कडे झुकतो. तुमचा झुकत नसेल तर जीभ अजून उशिराच चढतेय.