फ्रान्सच्या कालव्यांतून जाण्यापूर्वी शिडाच्या होडीची डोलकाठी कशी उतरवावी

इंग्लिश खाडीतून भूमध्य समुद्रात जायचे तर बिस्केचा उपसागर आणि जिब्राल्टर यांचा लांबचा वळसा टाळून सीन नदी, मध्य फ्रान्समधील कालवे, सोन आणि ऱ्होन अशा गोड्या पाण्याच्या वाटेनेही जाता येते. मात्र या वाटेवरील पूल शिडाच्या होड्यांचा विचार करून बांधलेले नाहीत. १८७९ साली सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या कायद्याने प्रमुख कालव्यांची मापे ठरली, तेव्हा डोळ्यांसमोर मालवाहू पडाव होते. त्या मापाच्या लॉकची, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून होडीला वर-खाली नेणाऱ्या दारबंद हौदाची, लांबी सुमारे ३९ मीटर आणि रुंदी ५.२० मीटर असते. ब्रियार आणि लुआर नदीला समांतर असलेल्या कालव्यांच्या मार्गावर पुलाखालची उंची साधारण ३.५० मीटर मिळते, तर बर्गंडी कालव्यावर पुई येथील ३.३ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात ती ३.१० मीटरवर येते.

म्हणून मार्ग आधी ठरवावा आणि डोलकाठीचा विचार नंतर करावा. डोलकाठी आडवी ठेवल्यावर पाण्याच्या पातळीपासून सर्वांत उंच वस्तूपर्यंतचे अंतर मोजावे. मोजताना इंधनाच्या आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या असाव्यात, कारण हलकी होडी वर उचलली जाते. पूल कमानीचा असल्यास सांगितलेली उंची मधोमधची असते, कडेला ती बरीच कमी भरते; नदीला पूर आला असेल तर सगळीकडेच कमी. या हिशेबात वीस-तीस सेंटीमीटर हातचे राखावेत.

डोलकाठी उतरवण्याचे काम सीनच्या मुखावरच्या ल आव्र बंदरात करता येते, पण शक्य असल्यास ते नदीतून आत गेल्यावर लागणाऱ्या रूआँला करावे. रूआँपर्यंत समुद्री जहाजे येतात, त्यामुळे तिथपर्यंतचे पूल पुरेसे उंच आहेत. शिवाय सीनच्या मुखाशी लाटा आखूड आणि आडव्यातिडव्या असतात. उभी डोलकाठी होडीचे डोलणे संथ ठेवते. ती उतरवली की होडी झटके देत हलू लागते, आणि त्यातच डेकवर आडवे बांधलेले लांब ओझे सुटण्याची भीती असते. ल आव्र ते रूआँ हे सुमारे १२० किलोमीटरचे अंतर भरतीच्या प्रवाहासोबत एकाच दिवसात कापावे लागते, कारण या टप्प्यात खासगी होड्यांना रात्री प्रवासाची परवानगी नाही.

क्रेनची वेळ ठरली की खरे काम सुरू होते, आणि त्याचा मोठा भाग क्रेन येण्यापूर्वीच उरकायचा असतो. डोलकाठीला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा ताणणाऱ्या प्रत्येक टर्नबकलमध्ये तीन-चार दिवस आधी वंगण तेल सोडावे; खाऱ्या पाण्याने जाम झालेले टर्नबकल क्रेनचे भाडे चालू असताना सोडवणे हा महागडा छंद आहे. त्यानंतर प्रत्येक टर्नबकलचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून वहीत लिहावे आणि त्या जागी रंगीत चिकटपट्टी लावावी. पुढे डोलकाठी उभी करताना ताण कुठवर द्यायचा हे याच खुणांवरून कळते. शिडे आणि बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, काढून ठेवावेत. डोलकाठीच्या बुडाशी येणाऱ्या दिव्यांच्या व रेडिओच्या वायरी सोडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक वायरीला नावाची चिठ्ठी बांधावी. सैल दोर डोलकाठीलाच घट्ट बांधून टाकावेत. डोलकाठी डेकवर टेकलेली नसून डेकमधून आरपार खाली तळापर्यंत गेलेली असेल, तर डेकच्या भोकातील पाचराही काढाव्या लागतात; त्या विसरल्या तर क्रेन ओढत राहते आणि डोलकाठी हलत नाही.

उतरवण्यासाठी वारा पडलेली सकाळ निवडावी. क्रेनचा पट्टा डोलकाठीच्या गुरुत्वमध्याच्या वर, बहुधा स्प्रेडरच्या, म्हणजे तारा डोलकाठीपासून दूर ठेवणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, खाली बसवतात, म्हणजे उचलल्यावर बुडाची बाजू खालीच राहते. पट्टा वर सरकू नये म्हणून त्याला एक दोर बांधून तो खाली बुडाशी अडकवावा. सर्व तारा सैल कराव्यात, पण क्रेनने भार घेईपर्यंत एकही पूर्ण सोडू नये. क्रेनने हलका ताण दिल्यावर आधी मागची व पुढची तार सोडावी आणि दोन्ही बाजूंच्या मुख्य तारा शेवटी सोडाव्यात. पुढचे शीड गुंडाळणारी अॅल्युमिनियमची लांब नळी सहज वाकते, म्हणून ती एका माणसाने सतत हाताने सांभाळावी. दुसऱ्याने डोलकाठीचे बूड धरावे. तिच्या खाली मात्र कोणीही उभे राहू नये.

डोलकाठी आडवी झाली की स्प्रेडर काढून त्यांवर डावा-उजवा अशी खूण करावी, टोकावरचा वारा मोजणारा यंत्रभाग व अँटेना काढून केबिनमध्ये ठेवावेत आणि तारा गुंडाळून जुन्या चादरीत बांधाव्यात. डोलकाठी डेकवर नेण्यासाठी पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन भक्कम लाकडी घोड्या लागतात. त्यांना तिरप्या पट्ट्यांचा आधार द्यावा आणि डोलकाठी केवळ आडवी नव्हे, तर पुढे-मागेही सरकणार नाही अशी बांधावी. डोलकाठी बहुधा होडीपेक्षा लांब असते. बाहेर आलेले टोक लॉकच्या दाराला किंवा शिडीला अडकते, म्हणून पुढची बाजू शक्य तितकी आखूड ठेवावी आणि दोन्ही टोकांना जाड गादी व लाल कापड बांधावे. टोके फारच बाहेर येत असतील, तर डोलकाठी ट्रकने दक्षिणेला पाठवणेच शहाणपणाचे. खर्च होतो, पण प्रत्येक लॉकमधली धाकधूक वाचते.

डोलकाठीबरोबर तिच्यावरची अँटेना आणि दिवेही गेलेले असतात, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. हातात धरायचा रेडिओ किंवा कठड्यावर बसवायची छोटी अँटेना आधीच घ्यावी. ऱ्होनवर ती फार उपयोगी पडते, कारण लिआँपासून समुद्रापर्यंतच्या बारा लॉकमध्ये शिरण्यापूर्वी लॉकचालकाशी बोलावे लागते.

डोलकाठी पुन्हा उभी करण्याची नेहमीची जागा म्हणजे ऱ्होनच्या मुखाजवळचे पोर सँ लुई. तेथे मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा वारा सुटला की क्रेन कित्येक दिवस थांबते, म्हणून वेळापत्रकात तेवढी सवड ठेवावी आणि त्या दिवसांत वहीतील आकडे काढून टर्नबकलांवरच्या चिकटपट्ट्या अजून जागेवर आहेत का ते पाहून घ्यावे.