ग्राफवरची 'हिंगोली' जागेवर आली

परभणीत एमएस्सीच्या प्रबंधासाठी मराठवाड्यातल्या 8 जिल्ह्यांच्या पावसाचे ग्राफ मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथन भाषेतलं ग्राफ काढायचं साधन) काढत होते. नावं मराठीतच हवी होती, ग्राफ शेतकऱ्यांपुढे मांडायचे होते ना!

आधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. मूळच्या डेजाव्ह्यू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. नोटो सान्स देवनागरी लावला, चौकोन गेले. पण 'हिंगोली'तली पहिली वेलांटी 'ह'च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली आणि 'जिल्हा'मधलं जोडाक्षर सुटं झालं. दोन दिवस फॉन्टच बदलत बसले. दोष फॉन्टचा नव्हताच, मॅटप्लॉटलिबच्या माझ्या आवृत्तीत अक्षरजुळणीची, म्हणजे वेलांट्या-जोडाक्षरं नीट मांडण्याची, सोयच नव्हती.

शेवटी सेटिंगमध्ये 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप'ला (svg.fonttype) 'नन' (none) दिलं आणि ग्राफ एसव्हीजी या चित्रांच्या फाइल-प्रकारात साठवला. मग अक्षरांच्या आकृत्या न होता मजकूर मजकूरच राहतो. ती फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि वेलांटी आपोआप जागेवर! तिथूनच पीडीएफ काढली.

एका चौकटीतल्या 8 रेषांचा गुंताही सोडवला. प्रत्येक जिल्ह्याला छोटा ग्राफ, पण उभ्या अक्षाची मोजपट्टी सगळ्यांना एकच. ती वेगवेगळी ठेवली तर बीडचा पाऊस नांदेडएवढाच भासतो.