नमुना निवडताना आधी कोण, मग किती

प्रकल्पाचा विषय ठरला की विद्यार्थी हमखास विचारतात, 'मॅडम, किती जणांचा डेटा घेऊ?' मी उलट विचारते, निष्कर्ष कोणाबद्दल काढायचाय? तो गट म्हणजे तुमची समष्टी. ती एका वाक्यात लिहा. नुसतं 'तरुण' पुरत नाही. 'वसतिगृहात राहणारे पदवीचे विद्यार्थी' चालेल.

ताण आणि झोप यांचा संबंध बघायचा तर सहसंबंध अभ्यास (दोन गोष्टी सोबत कमीजास्त होतात का, एवढंच पाहणं) पुरतो. मात्र त्यावरून 'ताणामुळे झोप उडते' असं लिहू नका. झोप न झाल्यानेही ताण वाढतो. कारण दाखवायचं तर प्रयोगच हवा.

आता समष्टीची यादी मिळवा. तिच्यातून निवडलेले जण म्हणजे तुमचा नमुना. वसतिगृहाच्या नोंदवहीत 400 नावं आहेत आणि 80 जण हवेत, तर 1 ते 5 मधली एक चिठ्ठी उचला. 3 आला की तिसरा, आठवा, तेरावा असं पुढे जा. पण त्याआधी यादी नीट वाचा! ती खोल्यांनुसार असेल, दर खोलीत पाच जण असतील आणि पहिलं नाव कायम वरच्या वर्गातल्याचं असेल, तर तुमच्या नमुन्यात ते एकतर सगळे येतील, नाहीतर एकही येणार नाही. तिथे संगणकाकडून यादृच्छिक (कुठलाही ठरलेला क्रम नसलेले) क्रमांक घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म फिरवणं सोपं आहे, पण तो सोयीचा नमुना, म्हणजे जे सहज सापडले तेच. आकडा फुगला म्हणून तो प्रातिनिधिक होत नाही. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने मतचाचणीसाठी सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, तरी अंदाज लँडनच्या विजयाचा निघाला. निवडून आले रूझवेल्ट. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांचे होते, आणि उत्तर पाठवणारेही सरसकट सगळे नव्हते.

प्रयोगात आणखी एक पायरी असते, ती म्हणजे यादृच्छिक वाटणी, कोण कोणत्या गटात हे चिठ्ठीवर सोडणं. आधी येतील ते प्रायोगिक गटात (ज्यांच्यावर प्रयोग होतो), उशिरा येतील ते नियंत्रित गटात (तुलनेसाठीचे), असं केलंत तर वक्तशीर मंडळी एकाच गटात जमतील. गटाच्या चिठ्ठ्या आधीच पाकिटांत बंद करून ठेवा.

आता 'किती'. दोन गटांत मध्यम फरक (कोहेनचा डी, म्हणजे फरक किती मोठा याचं माप, 0.5) अपेक्षित असेल, तर 5 टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची जोखीम) आणि 80 टक्के सांख्यिकीय शक्तीसाठी (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात 64 जण लागतात. मध्येच सोडून जाणारे धरून थोडे जास्त घ्या.

संमतीपत्र आधी, प्रश्नावली नंतर. मध्येच सोडून जायची मुभा तोंडीही सांगा. अहवालात किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले, किती अर्ध्यावर थांबले, हे तिन्ही आकडे द्या.