अर्काची अँटिऑक्सिडंट चाचणी: या चुका टाळा

“सर, अंबाडीत तर काहीच निघालं नाही!” नागपुरात एमएस्सीच्या प्रकल्पांना मदत करताना हे वाक्य मी बरेचदा ऐकतो. दोष अंबाडीचा नसतो, दोष ब्लँकचा, म्हणजे अर्काचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठी घ्यायच्या रीडिंगचा असतो.

डीपीपीएच हे या चाचणीत वापरायचं रसायन; त्याचं द्रावण गर्द जांभळं असतं. अर्कातल्या अँटिऑक्सिडंटशी क्रिया झाली की ते पिवळट पडतं, आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग (किती प्रकाश शोषला गेला तो आकडा) किती उतरलं ते आपण मोजतो. पण लाल अंबाडीच्या फुलांतलं अँथोसायनिन स्वतःच ५२०च्या आसपास प्रकाश शोषतं. म्हणजे जांभळा रंग उतरतो आणि अर्काची लाली त्याच जागी रीडिंग वर धरून ठेवते. समजा कंट्रोल (अर्क न घालता डीपीपीएचचं रीडिंग) ०.८० आहे आणि अर्क घातल्यावर ०.६२ आलं. हिशेब निघतो २२.५ टक्के. आता तेवढाच अर्क घ्या, डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल घाला आणि रीडिंग घ्या. ते ०.३० आलं तर खरं रीडिंग ०.३२ आणि उत्तर ६० टक्के! प्रत्येक तीव्रतेला असा वेगळा ब्लँक हवाच. गडद काढा असो की गोकर्णाचा चहा, यात सूट नाही.

चहा आणि काढ्यांत दुसरी अडचण गढूळपणाची. डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही आणि अर्कातला डिंक मिथेनॉलमध्ये साका होऊन बसतो. क्युव्हेट (रीडिंग घ्यायची छोटी पारदर्शक नळी) उजेडासमोर धरून पाहा; धुरकट दिसलं तर ते रीडिंग वहीत लिहू नका. मिश्रणात निम्म्याहून जास्त मिथेनॉल ठेवा, नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचंच द्रावण घ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची चूक मी स्वतः केली आहे. मे महिन्यात बुच सैल राहिलं, मिथेनॉल उडालं आणि दुसऱ्या दिवशी कंट्रोलच वर गेला. दोन दिवसांचं काम टाकून द्यावं लागलं. द्रावण रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. ०.१ मिलिमोलरसाठी १०० मिलीत जेमतेम ३.९ मिलिग्रॅम लागतं. एवढं नेमकं तोलणं अवघड. त्यापेक्षा ३९.४ मिलिग्रॅमचं दहापट स्टॉक करून पातळ करा. तोलताना कूलर बंद ठेवा: वाऱ्याने काटा हलतो आणि त्याच्या दमट हवेत सुकी पूड ओलावा धरते.

तुळस ९२ टक्के, ग्रीन टी ९३ टक्के, म्हणून दोन्ही सारख्या, असं लिहू नका. तिथे डीपीपीएचच संपत आलेलं असतं. पाच-सहा तीव्रता घेऊन आयसी५० (निम्मं डीपीपीएच संपवणारी तीव्रता) काढा; तो जितका कमी, तितका अर्क प्रभावी. वेळही सगळ्या नळ्यांना सारखी, अंधारात ३० मिनिटं. ॲस्कॉर्बिक आम्लाची (‘क’ जीवनसत्त्वाची) क्रिया काही मिनिटांत संपते, पॉलिफेनॉलची रेंगाळते.

संत्र्याच्या सालीची किंवा आवळ्याची फोलिन चाचणी (एकूण फिनॉल मोजण्याची) करणाऱ्यांनी जास्त जपावं. त्या अभिकर्मकाशी ‘क’ जीवनसत्त्व आणि क्षपणकारी साखरही क्रिया करतात, त्यामुळे ‘एकूण फिनॉल’चा आकडा फुगतो.

चहाचा निकाल लिहिताना पानं किती ग्रॅम, पाणी किती मिली, तापमान आणि मिनिटं हे सगळं द्या.

आणि तुलनेसाठी घेतलेल्या ॲस्कॉर्बिक आम्लाचा आयसी५० कालच्यापेक्षा बराच वेगळा आला, तर त्या दिवशी नमुन्याला हात लावू नका. आधी डीपीपीएच नव्याने करा.